चोर सोडून मावशींची झडती

गेल्या वर्षी गौरी-गणपतीत आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घरफोडी झाली. घरातली सगळी मंडळी कोकणात गेली होती. तुळशीला पाणी घालायला एक दिवसाआड येणाऱ्या मावशी सकाळी आठला वर गेल्या, तर दार अर्धवट उघडं. लॅचपाशी चौकटीचं लाकूड फाटलेलं, वरचा कोयंडा एका स्क्रूवर लोंबत होता. मावशी आत गेल्या नाहीत. त्यांनी तिथूनच घरमालकीणबाईंना गावी फोन लावला, खाली येऊन वॉचमनला सांगितलं आणि पोलीस येईपर्यंत जिन्यात बसून राहिल्या. याहून शहाणपणानं कोण काय वागणार? तरी दुपारपर्यंत बिल्डिंगभर एकच वाक्य फिरत होतं: ‘किल्ली तिच्याकडेच होती ना?’ जिच्याकडे किल्ली आहे तिला दार फोडायची गरज काय, हा साधा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर मिळालं, ‘दिशाभूल करायला.’

पुढच्या रविवारी खास सभा भरली. कामवाल्या बायकांच्या पिशव्या जाताना तपासायच्या, त्यांना आणि डिलिव्हरीवाल्यांना मुख्य जिना बंद करून मागच्या जिन्यानं पाठवायचं, गेटवर ॲप आणि चेहरा ओळखणारे कॅमेरे लावायचे, असे ठराव आले. बाजूनं बोलणारे म्हणाले, सुरक्षेत तडजोड नको. विरोधात बोलणारे म्हणाले, हा गरिबांचा अपमान आहे, खासगीपणावर घाला आहे. विरोधकांचं म्हणणं मला पटत होतं, पण ‘मग चोरी थांबवायची कशी?’ असं कोणी विचारलं की ते गप्प बसत. दोन तास सभा चालली. फुटलेल्या दाराबद्दल दोन्ही बाजूंनी एक शब्द निघाला नाही. हाच वाद मी बोरिवलीच्या मावसभावाकडून ऐकतो, दादरच्या मैत्रिणीकडून ऐकतो, आणि सगळीकडे तो असाच चालतो: एकीकडे भीती, दुसरीकडे संकोच.

माझं म्हणणं सरळ आहे. घराची आणि गाडीची राखण ‘आत कोण येतं’ या प्रश्नापासून सुरू करणं हीच चूक आहे. आधी विचारायला हवं, फोडायला सोपं काय आहे, आणि ते राखायची जबाबदारी नेमकी कोणाची आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं न देता माणसांच्या एका वर्गावर पाळत ठेवली, तर चोराला काही अडचण होत नाही आणि निरपराध माणसं तेवढी भरडली जातात.

दारापासूनच सुरुवात करतो. चोरी झाली त्या घरी चौकट दुरुस्त करायला सुतार आला तेव्हा मी मुद्दाम वर गेलो. त्यानं लॅचची पट्टी हातात घेऊन दाखवली. आत बसलेले स्क्रू अर्ध्या इंचाचे. कुलूप चांगल्या कंपनीचं, दोन हजारांच्या वरचं. पण ज्या पट्टीत त्याची जीभ अडकते ती पट्टी चौकटीच्या वरच्या पापुद्र्याला धरून होती. कटावणीचा एक दाब, आणि कुलूप शाबूत राहून लाकूड फाटलं. सुतार म्हणाला, ‘साहेब, तीन इंची स्क्रू मारले की भिंतीपर्यंत पकड जाते. मग आवाज केल्याशिवाय उघडत नाही.’ स्क्रूंची किंमत त्यानं चाळीस रुपये सांगितली. त्या दिवशी मी आमच्या मजल्यावरची चारही दारं उघडून पाहिली. चारही पट्ट्यांना अर्ध्या इंचाचेच स्क्रू. नुसतं ओढून घेतलं की बंद होणारं लॅच म्हणजे कुलूप नव्हे, किल्ली दोनदा फिरवून जीभ पूर्ण बाहेर आणल्याशिवाय दार बंद झालं असं समजू नये, हेही अर्ध्या बिल्डिंगला ठाऊक नव्हतं.

‘कुलूप हे प्रामाणिक माणसासाठी असतं, चोराला कुलूप नसतं’ असं आपण सहज म्हणून जातो. मुंबईचा स्वतःचा इतिहास वेगळं सांगतो. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी लालबागमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. शहरातल्या वाढत्या घरफोड्यांची वर्तमानपत्रातली बातमी वाचून त्यांना हे सुचलं, असं सांगितलं जातं. एवढा मोठा उद्योग या शहरात उभा राहिला तो ‘कुलूप सुधारलं तर चोरी अवघड होते’ या एका भरवशावर. चोराला वेळ आणि शांतता लागते. त्यातलं काहीही काढून घेतलं की त्याचं गणित बिघडतं. दाराला दोन मिनिटं जास्त लागली, जिन्यात दिवा असला, समोरच्या घरातून कोणी ‘कोण आहे?’ असं विचारलं, तर बहुतेक जण पुढचं दार बघतात. गणपतीत तिसऱ्या मजल्यावरची चारपैकी तीन घरं गावी गेली होती. वर्तमानपत्रं दाराशी साठत होती आणि जिन्यातली ट्यूब महिनाभर बंद होती. ती ट्यूब बदलायला कमिटीकडे तीनदा अर्ज गेला होता.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. घरफोड्यांमध्ये आतल्या माणसाची फितुरी असते, हे खरं आहे. कपाटाची किल्ली कुठे असते, घर कधी रिकामं असतं, हे घरात वावरणाऱ्यालाच कळतं. कायद्यालाही हे ठाऊक आहे. नोकरानं मालकाकडे केलेल्या चोरीसाठी जुन्या दंडविधानात ३८१ हे वेगळं कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते ३०६ झालं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कामावर ठेवताना माणसाची नीट चौकशी करावी, ओळखपत्राची प्रत घ्यावी, पोलिसांत नोंद करावी, यात काही गैर नाही. मी स्वतः ते करतो.

पण चौकशी एका माणसाची असते आणि संशय एका वर्गावर असतो. हा फरक पुसला की काय होतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही जमाती जन्मानंच चोर, असं सरकारनं कागदावर ठरवलं. त्यांची नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे दप्तरात, रोज हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली, त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी, देशभरातून तो कायदा गेला. इतक्या पिढ्यांच्या हजेरीनं गावोगावच्या चोऱ्या थांबल्या का? थांबल्या नाहीत. कुठेही चोरी झाली की पोलिसांनी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय मात्र मागे राहिली आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आमच्या सभेत ‘सगळ्या बायकांच्या पिशव्या’ हे शब्द कानावर पडले तेव्हा मला ते रजिस्टर आठवलं. पिशवी तपासायचा ठराव मांडणारे गृहस्थ वाईट नाहीत, माझे चांगले शेजारी आहेत. पण चोरी कटावणीनं झाली होती, पहाटे झाली होती, आणि पिशव्या तपासायच्या होत्या दुपारी घरी जाणाऱ्या बायकांच्या.

मावशींचं पुढे काय झालं तेही सांगतो. सलग दोन दिवस त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमात आहे आणि त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६० व्या कलमात होतं. आमच्यापैकी कोणीही चौकीत जाऊन हे सांगितलं नाही. मीही गेलो नाही, कारण मला ते तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं. मावशी काम करत त्या पाच घरांपैकी चार घरांनी त्यांचं काम बंद केलं. त्यांच्यावर कसलाही आरोप ठेवला गेला नाही.

कॅमेऱ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. कॅमेरे कामाचे आहेत, हे मी मान्य करतो. २६/११ नंतर राम प्रधान समितीनं शहरात कॅमेऱ्यांचं जाळं उभारायची शिफारस केली, ते जाळं २०१६ मध्ये उभं राहिलं, आणि आज मुंबई पोलीस एका चौकातून दुसऱ्या चौकात असा एकेक फुटेज तपासत आरोपीपर्यंत पोहोचतात. ही खरी मेहनत आहे, तिचं मोल मी कमी करणार नाही. पण कॅमेरा चोरी रोखतो किती? जगभरातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटले, वाहनतळांवर मात्र ३७ टक्क्यांनी. याहून महत्त्वाची गोष्ट त्यातच आहे: परिणाम दिसला तो मुख्यतः जिथे कोणी तरी पडद्यासमोर बसून बघत होतं आणि सोबत इतर उपायही होते तिथे. नुसता लावून ठेवलेला कॅमेरा फारसं काही करत नाही.

आमचा कॅमेरा तसाच लावून ठेवलेला होता. तो गेटकडे तोंड करून बसवलेला, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात येणाऱ्याचा चेहरा पांढरा फटक दिसतो. मागच्या भिंतीकडे कॅमेराच नाही. फुटेजमध्ये टोप्या घातलेले दोघं जण जिन्याकडे जाताना दिसले, वेळ २ वाजून २५ मिनिटं. रात्रपाळीच्या वॉचमननं सांगितलं, मी रात्रभर गेटवर होतो, फक्त पावणेचारला पंप चालू करायला मागे गेलो, कारण पाणी त्या वेळेला येतं. कमिटी म्हणाली, अडीचला चोर आत गेले म्हणजे हा झोपला होता आणि आता खोटं बोलतोय. त्याला दुसऱ्या दिवशी काढलं. आठवड्यानं डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, दुरुस्त करायला आलेल्या मुलानं पाहिलं, तर यंत्राचं घड्याळ एक तास वीस मिनिटं मागे होतं. अडीच नव्हे, पावणेचारच वाजले होते. माणूस खरं बोलत होता आणि यंत्र चुकीचं सांगत होतं, पण आम्ही विश्वास यंत्रावर ठेवला. तो वॉचमन बिहारचा होता, आता कुठे आहे आम्हाला माहीत नाही. ज्या सोसायटीला एका डीव्हीआरचं घड्याळ लावता आलं नाही, ती चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात साठलेली शेकडो लोकांची माहिती सांभाळणार आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा अशा माहितीबद्दल काय म्हणतो, हा प्रश्न सभेत विचारला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, ॲपवाले बघतील.

इथे राखणदाराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं वर्णन आहे. रात्रीची गस्त त्याची, गावातल्या प्रत्येक माणसाची ओळख त्याला. चोरी झाली तर त्यानं माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावाची. माग मिळाला नाही तर भरपाई गावानं द्यायची. बऱ्याच गावांत हे काम रामोश्यांकडे होतं आणि त्याबद्दल त्यांना धान्य, जमीन, हक्क मिळत. ती व्यवस्था जातीला बांधलेली होती, ती परत यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: जबाबदारी होती तिथे हक्कही होता, आणि जबाबदारी एकट्या जागल्यावर टाकून गाव मोकळा होत नव्हता. इंग्रजांनी रामोश्यांचे राखणीचे हक्क काढून घेतले, आणि उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच पेटलं. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. पुढे काय झालं? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावं राखली ते रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत, म्हणजे एके काळी सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्यांच्या. राखणदाराचा हक्क काढून घ्यायचा आणि मग त्यालाच चोर म्हणायचं, याला आपल्याकडे असा जुना दाखला आहे.

आपल्या वॉचमनकडे बघा. पाळी बारा तासांची, बदली आला नाही तर चोवीस. पंप त्यानं चालू करायचा, पार्सलं त्यानं घ्यायची, इंटरकॉमला उत्तर त्यानं द्यायचं, आजोबांची व्हीलचेअर रॅम्पवरून त्यानं ढकलायची, सकाळी चार गाड्या त्यानं धुवायच्या. आणि गेटच्या केबिनमध्ये खिळ्यांचा एक बोर्ड, त्यावर नंबर लिहिलेल्या गाड्यांच्या किल्ल्या. मुंबईत एकापुढे एक गाड्या लागतात, सकाळी मागची काढायची तर पुढची हलवावी लागते, म्हणून अकरा गाड्यांच्या किल्ल्या त्या बोर्डावर लटकतात. ज्याच्या बायकोच्या पिशवीवर उद्या आपण संशय घेणार, त्याच्या हाती आज एवढ्या किमतीच्या गाड्या सोपवतो, आणि त्याबद्दल महिन्याला देतो त्यात त्याचं घरभाडं जेमतेम निघतं. एजन्सी पैसे किती घेते आणि त्याच्या हातात किती पडतात, हे आमच्या कमिटीनं कधी विचारलं नाही. खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन करायला महाराष्ट्रानं १९८१ मध्ये वेगळा कायदा केला, त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. १९८१ मध्ये या राज्याला हा माणूस कामगार आहे हे समजलं होतं. मग आपण सोसायटीच्या खर्चात कपात करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच का लावतो?

पैशांचा मुद्दा रास्त आहे, मी नाकारत नाही. बत्तीस घरांच्या जुन्या बिल्डिंगला तीन पाळ्यांत दोन-दोन माणसं परवडत नाहीत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना मेंटेनन्समधली पाचशेची वाढही जड जाते. पण आमच्या सभेत चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आलेलं कोटेशन साडेचार लाखांचं होतं. बत्तीस दारांची चौकट भक्कम करणं, जिन्यातल्या ट्यूब, मागच्या भिंतीला एक दिवा, पंपाला टायमर लावून वॉचमनला त्या कामातून मोकळं करणं, हे सगळं मी सुतार आणि इलेक्ट्रिशियनला विचारून लिहून नेलं होतं. ते एक लाखाच्या आत बसत होतं. उरलेल्या साडेतीन लाखांत रात्रीचा दुसरा माणूस वर्षभर उभा राहतो. तेव्हा अडचण पैशांची नाही, भपक्याची ओढ आहे. पडद्यावर चौकोनात चेहरे दिसले की काही तरी केल्यासारखं वाटतं. तीन इंची स्क्रू कोणाला दिसत नाही.

गाड्यांबाबत तर पुरावा आणखी स्वच्छ आहे. पश्चिम जर्मनीनं १९६३ पासून रस्त्यावरच्या सगळ्या मोटारींना, नव्या आणि जुन्याही, स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं. चोऱ्या खाली आल्या आणि खालीच राहिल्या. ब्रिटननं १९७१ मध्ये तीच सक्ती फक्त नव्या गाड्यांना केली, तर चोर जुन्या गाड्यांकडे वळले. पुढे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर आला. युरोपीय संघानं १९९८ मध्ये आणि कॅनडानं २००७ मध्ये तो नव्या गाड्यांना सक्तीचा केला, अमेरिकेनं केला नाही. २०२१-२२ मध्ये अमेरिकेत इमोबिलायझर नसलेल्या काही गाड्या शाळकरी पोरांनी यूएसबीच्या टोकानं सुरू करून पळवल्या, मोबाइलवर व्हिडिओ बघून. त्याच कंपन्यांच्या कॅनडात विकलेल्या गाड्यांवर ही लाट आली नाही. सीमेच्या दोन बाजूंची माणसं काही निराळ्या स्वभावाची नव्हती, गाडीत एक चिप होती की नव्हती एवढाच फरक होता. आणि जर्मनी-ब्रिटनच्या गोष्टीतून दुसरं काही तरी शिकण्यासारखं आहे. फक्त आपल्यापुरती राखण केली की चोर शेजाऱ्याकडे जातो. आमची बिल्डिंग किल्ला झाली तर पुढची संकटात, आणि त्या पुढच्या बिल्डिंगमध्ये माझी बहीण राहते.

नवी बिनकिल्लीची (किल्ली खिशात असली की आपोआप उघडणारी) गाडी घेणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की तिची किल्ली गाडीच्या हाकेला आपोआप ओ देते. एकानं दाराशी यंत्र धरायचं, दुसऱ्यानं गाडीशी, आणि किल्लीचा संदेश लांबवायचा, की गाडीला वाटतं मालक आला. किल्ली रात्री पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवावी आणि स्टिअरिंगला जाडजूड दांड्याचं कुलूप लावावं. इलेक्ट्रॉनिक चोराला लोखंड कापायचा कंटाळा असतो. दुचाकीचं हँडल लॉक एका झटक्यात तुटतं, म्हणून चाकाला साखळी किंवा डिस्क लॉक हवंच. रस्त्यावर लावलेली रिक्षा जाते तेव्हा तर एका घराची रोजची चूल जाते, पण रिक्षावाल्याला पार्किंगचा पोडियम नाही, वॉचमन नाही. चाळीत गॅस सिलिंडर जातो, झोपडपट्टीत दारातून मोबाइल जातो. सुरक्षेच्या या सगळ्या गाजावाजात त्यांचं नाव येतं ते संशयित म्हणून. ज्याचं काही तरी चोरीला जातं असा माणूस म्हणून ते येतच नाही.

‘हे सगळं आम्ही का करायचं? कर भरतो, पोलीस कशाला आहेत?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि विचारणाऱ्याला गप्प करू नये. पण पोलिसांकडून काम करून घ्यायचं तर चोरी कागदावर यावी लागते, आणि तिथे आपणच मागे हटतो. २०१९ मध्ये माझी स्कूटर स्टेशनबाहेरून गेली. ठाण्यात सांगितलं, दोन दिवस आसपास शोधा, मग गहाळ झाल्याचा अर्ज द्या. मी दमलेला होतो, तसाच परत आलो. चौथ्या दिवशी एका वकील मित्रानं सांगितलं तेव्हा कळलं की ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्येच ठरवलंय: दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ या दोन शब्दांत सगळं आलं. गहाळ वस्तूचा तपास होत नाही, ती आकडेवारीत येत नाही, आणि जिथे आकडे नाहीत तिथे गस्त वाढत नाही. मी चौथ्या दिवशी फिर्याद दिली तर विमा कंपनीनं उशिराचं कारण पुढे करून दावा अडवला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की फिर्याद लगेच दिली असेल तर विमा कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून दावा फेटाळता येणार नाही. पण फिर्यादच चार दिवसांनी, त्यामुळे त्या निकालाचा मला उपयोग नव्हता. माझी चूक होती ती तिथे, पहिल्या दिवशी अडून न बसण्याची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानं ऑनलाइन फिर्याद देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. हद्द कोणाची हेही कारण सांगता येत नाही, कोणत्याही ठाण्यात नोंद घ्यावी लागते. तपास लागला नाही तर पोलीस ‘अ समरी’ करतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. विम्यासाठी तो कागद लागतो. सापडलेली गाडीही आपली आपल्याला लवकर मिळावी, ठाण्याच्या आवारात गंजत पडू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात दिला आहे. तरी कुठल्याही ठाण्याबाहेर जा, चाकं जमिनीत रुतलेल्या गाड्या दिसतील. सुरक्षा हवी म्हणणाऱ्या सोसायट्यांनी या गाड्यांबद्दल, न नोंदवलेल्या फिर्यादींबद्दल, बंद पडलेल्या बीट गस्तीबद्दल वरिष्ठ निरीक्षकांकडे शिष्टमंडळ नेल्याचं किती वेळा ऐकलंय? पोलिसांशी भांडायला वेळ लागतो. मावशींची पिशवी उघडायला दोन सेकंद लागतात, म्हणून आपण तीच उघडतो.

पुढची सभा येत्या महिन्यात आहे. पिशव्यांचा ठराव पुन्हा येणार, मला कळलंय. मी माझा कागद घेऊन जाणार आहे, या वेळी सुताराची आणि इलेक्ट्रिशियनची सही असलेला, सोबत काढून टाकलेल्या वॉचमनची थकलेली बारा दिवसांची पगाराची रक्कम लिहिलेला. ती रक्कम एजन्सीला दिली, असं सेक्रेटरी सांगतात; त्याची पावती मी मागितली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मावशींना परत बोलावलं आहे, आणि नव्या दाराची एक किल्ली पुन्हा त्यांच्याकडे दिली आहे. बाकीच्या तीन घरांच्या बेल मी एकेक करून वाजवतो आहे. एकानं दार उघडून ऐकून घेतलं, म्हणाला, बायकोशी बोलून सांगतो. दोन अजून बाकी आहेत.